उमेदवारी : विज्ञानाची आणि लेखणीची

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील विद्यार्थी गुणगौरव समारंभात डेहराडून येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



गुणगौरवाच्या समारंभात वक्त्याने काय बोलावे याचे एक ठरीव वळण पडून गेले आहे. यशाचे अभिनंदन करावे, परिश्रमाचे महत्त्व सांगावे, पालकांना धन्यवाद द्यावेत आणि खाली बसावे. यांपैकी अभिनंदन आम्ही अगदी मनापासून करतो. उरलेल्या वेळात मात्र एका नेमक्या प्रश्नाविषयी बोलावे असे ठरवून आलो आहोत. हा प्रश्न आम्ही कल्पनेने रचलेला नाही. या सभागृहात बसलेल्या तीन-चार कुटुंबांतून तो गेल्या काही वर्षांत आमच्या कानी आला आहे. मुलगी विज्ञानशाखेत आहे, गुण उत्तम आहेत. पण तिला लिहिण्याचाही नाद आहे. मंडळाच्या वार्षिकात तिचा लेख असतो, गणेशोत्सवातील एकांकिकेची संहिता तीच लिहून काढते. वडील म्हणतात, ‘एक ना धड, भाराभर चिंध्या करू नकोस. लेखन पुढे सवडीने होईल, आधी विज्ञान पुरे कर.’ मुलगी वडिलांचे ऐकते आणि वही बंद करून ठेवते. ती वही पुन्हा उघडली जात नाही, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे.

आम्ही विज्ञानाचे पदवीधर नाही. बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या सेवेत आलो आणि आयुष्याची बहुतेक वर्षे कागदांच्या सहवासात गेली. तेव्हा आज जे बोलणार आहोत ते शास्त्रज्ञाच्या बाजूने नव्हे, तर शास्त्रज्ञाने लिहिलेले वाचावे लागते त्या सामान्य वाचकाच्या बाजूने. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की विज्ञानाची ओढ आणि लेखनाची ओढ या दोन परस्परविरोधी ओढी नाहीत. नीट पाहणे आणि पाहिलेले नीट सांगणे, ही एकाच शिस्तीची दोन अंगे आहेत. मात्र ती शिस्त पुस्तक वाचून येत नाही. कोणातरी जाणत्याच्या हाताखाली काही काळ राबून, आपले लेखन त्याच्याकडून खोडून घेऊनच ती अंगी बाणते. त्या राबण्याला आज ‘इंटर्नशिप’ म्हणतात. आपल्याकडे त्याला जुना आणि अर्थपूर्ण शब्द होता, तो म्हणजे ‘उमेदवारी’.

आज उमेदवारी म्हटली की निवडणूक डोळ्यांसमोर येते. पण पूर्वी कचेरीत, पेढीवर किंवा छापखान्यात जो तरुण बिनपगारी अथवा अल्प पगारावर काम शिकण्यासाठी बसे, त्याला उमेदवार म्हणत. शब्द फारसीतून आला. ‘उमेद’ म्हणजे आशा. ज्याच्यापाशी अद्याप अधिकार नाही, वेतन नाही, परंतु आशा आहे, तो उमेदवार. विज्ञान आणि लेखन यांचा सांधा अशा उमेदवारीत कसा जुळतो, याचे जगाच्या इतिहासातील सर्वांत बोलके उदाहरण लंडनमधील एका लोहाराच्या मुलाचे आहे.

मायकेल फॅरेडे याचा जन्म १७९१ सालचा. घरची गरिबी एवढी, की शालेय शिक्षण लिहिणे, वाचणे आणि जुजबी हिशेब यांपुढे गेले नाही. १८०५ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, पुस्तकबांधणीच्या एका दुकानात सात वर्षांच्या कराराने त्याची उमेदवारी सुरू झाली. बांधणीसाठी आलेली पुस्तके तो बांधी आणि वाचीही. विश्वकोशातील विद्युत्‌विषयक लेख त्याने असाच वाचला. त्याच्या हाती आलेले दुसरे पुस्तक जेन मार्सेट या बाईंचे होते. रसायनशास्त्र संभावणाच्या रूपाने, घरगुती भाषेत समजावून सांगणारे ते पुस्तक १८०६ साली प्रसिद्ध झाले होते. येथे क्षणभर थांबून ध्यानात घ्यावे, की विज्ञानाच्या इतिहासातील एका महान प्रयोगकर्त्याला विज्ञानाच्या दारापर्यंत कोणी आणून सोडले, तर ते एका सोप्या लिहिलेल्या पुस्तकाने. त्याच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती आणि प्राध्यापकही नव्हता.

१८१२ साली दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील हंफ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही हे त्या काळचे अग्रगण्य रसायनशास्त्रज्ञ, आणि आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की ते स्वतः कविताही करीत. फॅरेडेने ती व्याख्याने ऐकली आणि टिपून घेतली. घरी येऊन टिपणे विस्ताराने पुन्हा लिहिली, उपकरणांच्या आकृत्या काढल्या आणि सुमारे ३०० पानांचा तो ग्रंथ स्वतःच्या हाताने बांधून वर्षाच्या अखेरीस डेव्हींकडे पाठवून दिला. नोकरीचा अर्ज बहुतेक तरुण करतात. हा अर्ज मात्र निराळा होता. ‘आपण जे सांगितले ते मला कळले आणि मी ते दुसऱ्याला सांगू शकतो,’ एवढाच त्याचा मथितार्थ. डेव्हींनी प्रथम त्याला बांधणीचा धंदा न सोडण्याचा सल्ला दिला. पुढे प्रयोगशाळेतील साहाय्यकाची जागा रिकामी होताच त्यांना त्याचीच आठवण झाली. एका स्फोटात डेव्हींच्या डोळ्यांना इजा झाली असताना काही दिवस फॅरेडेने त्यांचा लेखनिक म्हणूनही काम केले होते. मार्च १८१३ मध्ये तो रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये रुजू झाला. बेताचे वेतन, माळ्यावरच्या दोन खोल्या, शिवाय सरपण आणि मेणबत्त्या, अशी ती नेमणूक होती.

पुढील इतिहास पाठ्यपुस्तकांत आहे. १८३१ साली त्याने विद्युत्‌चुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. आज टिहरीच्या धरणावर वीज निर्माण होते ती त्याच तत्त्वावर. पण पाठ्यपुस्तकांत सहसा नसणारा भाग आम्हांला विद्यार्थ्यांपुढे ठेवावयाचा आहे. प्रयोगशाळेत जागा मिळाल्यावर फॅरेडेने लेखन सोडून दिले नाही. १८१८ साली त्याने चार मित्रांसह एक छोटे निबंधमंडळ काढले. सभासदांनी निबंध लिहावेत, ते एका वहीत उतरून घ्यावेत, सर्वांनी वाचावेत, हा त्याचा क्रम. त्याच सुमारास त्याने वक्तृत्वाचे पाठही पैसे देऊन घेतले. आपल्या मंडळाच्या हस्तलिखित अंकासारखाच तो उद्योग होता. ज्याला गणिताचे शिक्षण मिळाले नव्हते, त्याने आपल्या कल्पना शब्दांतून आणि चित्रांतून अचूक मांडण्याचा अभ्यास केला. १८३४ साली नव्या विद्युत्‌रासायनिक क्रियांना नावे हवी होती, तेव्हा त्याने केंब्रिजचे विद्वान विल्यम ह्यूएल यांच्याशी पत्रव्यवहार करून ॲनोड, कॅथोड, आयन हे शब्द निश्चित केले. आपण मराठीत धनाग्र आणि ऋणाग्र म्हणतो, त्यांच्या मागे ही शब्दांची चिकित्सा उभी आहे. शोध लागला तरी त्याला योग्य नाव मिळेपर्यंत तो दुसऱ्याच्या हाती देता येत नाही.

पुढे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी फॅरेडेच्या कल्पनांना गणिताचे रूप दिले. मॅक्सवेल यांनी १८७३ सालच्या आपल्या ग्रंथात विद्यार्थ्यांना फॅरेडेचे मूळ लेखन वाचण्याची शिफारस केली आहे. कारण असे, की फॅरेडे यशस्वी प्रयोगांबरोबर फसलेले प्रयोगही सांगतो, विचार कसा घडत गेला ते लपवीत नाही. आता विचारू, की हा गुण शास्त्रज्ञाचा की लेखकाचा? आमच्या मते तो प्रामाणिकपणाचा आहे, आणि प्रामाणिकपणाला शाखा नसते. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसाठी नाताळातील व्याख्याने १८२५ साली सुरू झाली. त्यांपैकी १९ वर्षांच्या मालिका एकट्या फॅरेडेने दिल्या. मेणबत्तीच्या रसायनशास्त्रावरील त्याची व्याख्याने १८६१ साली पुस्तकरूपाने आली आणि आजही वाचली जातात. मेणबत्तीच्या उजेडात ज्याने उमेदवारी केली, त्याने मुलांना विज्ञान शिकविण्यासाठी हाती मेणबत्तीच घेतली, यात मौज आहे.

कोणी म्हणेल, हे उदाहरण दूर देशाचे आणि दूर काळाचे. म्हणून दुसरे उदाहरण आपल्यांतले, आणि विशेषतः आपल्यासारख्या परप्रांतस्थ मराठी माणसांचे देतो. डॉ. जयंत नारळीकर यांचा जन्म १९३८ साली कोल्हापुरात झाला. पण ते वाढले बनारसला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक, आई संस्कृतच्या जाणकार. म्हणजे घराबाहेर हिंदी, घरात मराठी आणि संस्कृत, अभ्यासात इंग्रजी, असेच काहीसे वातावरण. ते आपल्या मुलांना अपरिचित नाही. बनारसहून पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले आणि तेथे त्यांनी फ्रेड हॉईल यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन केले. हॉईल हे खगोलशास्त्रज्ञ तर होतेच, परंतु विज्ञानकादंबरीकारही होते. त्यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी १९५७ साली प्रसिद्ध झाली होती. डेव्ही कवी, हॉईल कादंबरीकार. ज्या गुरूच्या टेबलावर संशोधनाचा निबंध आणि कथेचे हस्तलिखित शेजारीशेजारी असते, त्याच्या शिष्याला ‘दोहोंपैकी एक सोड’ असे कोणी सांगत नाही.

नारळीकर १९७२ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले. १९६६ साली स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने १९७४ साली विज्ञानकथांची स्पर्धा घेतली, तेव्हा त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा लिहून पाठविली. पण स्वतःच्या नावाने नाही. आपली आद्याक्षरे उलटी करून ‘नारायण विनायक जगताप’ हे नाव त्यांनी घेतले. जागतिक कीर्तीचा शास्त्रज्ञ स्पर्धेच्या रांगेत अनोळखी उमेदवार होऊन उभा राहिला, कारण कथेचे मूल्यमापन नावावरून नव्हे तर कथेवरून व्हावे अशी त्यांची इच्छा होती. त्या कथेला पारितोषिक मिळाले आणि मराठी विज्ञानकथेला एक खंदा लेखक मिळाला. २०२१ साली नाशिक येथे भरलेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. २० मे २०२५ रोजी ते आपल्यांतून गेले. बनारसच्या मराठी घरात वाढलेला मुलगा विज्ञान आणि मराठी लेखन ही दोन्ही व्रते शेवटपर्यंत चालवू शकला, हे या सभागृहातील प्रत्येक आईवडिलांनी लक्षात ठेवावे.

आता आपण आपल्या या खोऱ्याकडे येऊ. डेहराडूनइतक्या वैज्ञानिक संस्था एवढ्या थोड्या परिसरात लाभलेली शहरे देशात फार नाहीत. भारतीय सर्वेक्षण, वन संशोधन संस्था, भारतीय पेट्रोलियम संस्था, वाडिया हिमालय भूविज्ञान संस्था ही नावे आपल्या रोजच्या बोलण्यात असतात. आपल्यांतील कित्येकांच्या घरी त्यांचे वेतनही येते. तरी या संस्थांच्या कुंपणाआड नेमके काय चालते, हे आपल्याला कितपत सांगता येईल? आणि ते न कळण्याची किंमत डोंगरातील माणसाला कशी मोजावी लागते, हेही पाहू.

७ फेब्रुवारी २०२१ रोजी चमोली जिल्ह्यात ऋषिगंगेला आकस्मिक लोंढा आला. दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली वा बेपत्ता झाली. त्या दिवशी घरोघरी एकच वाक्य ऐकू आले, ‘हिमनदी फुटली.’ पुढे देशोदेशींच्या शास्त्रज्ञांनी उपग्रहचित्रे आणि अन्य पुरावे तपासून त्याच वर्षी जे प्रसिद्ध केले ते निराळे होते. रोंती शिखराच्या उतारावरून सुमारे २ कोटी ७० लक्ष घनमीटर दगड आणि बर्फ यांचा कडा एकसंध कोसळला होता. त्यात सुमारे चार हिस्से दगड आणि एक हिस्सा बर्फ. घर्षणाने तो बर्फ वितळला आणि दगडचिखलाचा लोंढा दरीतून धावत सुटला. ‘हिमनदी फुटली’ आणि ‘डोंगराचा कडा बर्फासह कोसळला’ या दोन वाक्यांत केवळ शब्दांचा फरक नाही. पहिले वाक्य ऐकणारा माणूस हिमनदीकडे पाहत राहील आणि ज्याकडे पाहिले पाहिजे त्या उभ्या कड्याकडे त्याचे लक्ष जाणार नाही. चुकीचे नाव चुकीची सावधगिरी शिकविते.

दुसरे उदाहरण जोशीमठाचे. गढवालचे तत्कालीन आयुक्त महेशचंद्र मिश्र यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९७६ सालीच अहवाल दिला होता. हे गाव पक्क्या खडकावर नसून जुन्या भूस्खलनाने आणून टाकलेल्या वाळू-दगडांच्या थरावर वसलेले आहे, तेव्हा जमिनीची भारक्षमता तपासल्याशिवाय अवजड बांधकाम करू नये, उतारावरचे मोठे दगड खणून वा सुरुंग लावून काढू नयेत, झाडे तोडू नयेत, पाण्याचा निचरा पक्का करावा, असे त्यात सांगितले होते. जानेवारी २०२३ मध्ये तेथील शेकडो घरांना भेगा पडल्या. २७ डिसेंबर २०२२ ते ८ जानेवारी २०२३ या अवघ्या बारा दिवसांत जमीन ५.४ सेंटिमीटर खचल्याचे उपग्रहाच्या मोजमापांवरून दिसून आले. एखादा चांगला लेख लिहिला गेला असता तर गाव वाचले असते, असा भोळा दावा आम्ही करणार नाही. गावे वाचतात ती निर्णयांनी. पण ज्याला घराचा दुसरा मजला चढवावयाचा होता, त्या माणसाच्या हाती त्याच्या भाषेतील दोन पानांचा मजकूर वेळेवर पडता, तर त्याने निदान जाणून घेऊन निर्णय केला असता. सरकारी सेवेत आम्ही एवढे शिकलो, की अहवाल सादर होणे आणि अहवाल पोचणे या दोन भिन्न घटना आहेत. पहिली तारीख नोंदवहीत सापडते. दुसरीसाठी मध्ये एक माणूस लागतो.

तो मधला माणूस घडविणे हेच या उमेदवारीचे प्रयोजन. ते कसे घडते, याचा एक लहानसा नमुना देतो. येथील वाडिया संस्थेच्या शास्त्रज्ञांनी डोकरियानी आणि केदारनाथच्या वरची चोराबारी या हिमनद्यांवर वर्षानुवर्षे मोजमापे केली आहेत. हिमनदीच्या अंगात भोके पाडून त्यांत बांबूच्या काठ्या रोवतात. उन्हाळ्याच्या आरंभी आणि अखेरीस काठीचा किती भाग उघडा पडला ते मोजतात. वरच्या भागात खड्डा खणून वर्षभराचा हिमथर किती साचला तेही मोजतात. दोहोंच्या वजाबाकीतून जे निघते त्याला शास्त्रीय भाषेत ‘वस्तुमान ताळेबंद’ म्हणतात. अहवालात लिहिलेले असते, ‘ताळेबंद ऋण आहे.’ आता समजा, एखादा विद्यार्थी दोन महिने या शास्त्रज्ञांजवळ बसला. प्रथम तो ही संज्ञा जशीच्या तशी लिहील. मग त्याच्या ध्यानात येईल, की हा तर आपल्या आजीच्या वहीतला जमाखर्च! हिवाळ्यातील हिम ही जमा, उन्हाळ्यातील वितळणे हा खर्च. खर्च जमेहून अधिक झाला की हिमनदी साठवणीतले मोडून खाते. तो हे लिहून शास्त्रज्ञाला दाखवील. शास्त्रज्ञ म्हणेल, ‘ठीक आहे, पण एका वर्षाच्या तुटीवरून दिवाळे काढू नका. किती वर्षांचा हिशेब आहे ते लिहा.’ विद्यार्थी पुन्हा लिहील. या तीन खर्ड्यांत तो जे शिकेल ते तीन पुस्तकांतून येणार नाही. शास्त्रज्ञाने चूक काढावी आणि आजीने ‘कळले’ म्हणावे, या दोन्ही परीक्षांत उतरलेला मजकूर तेवढा खरा. एकीत उतरून दुसरीत नापास झालेले लेखन आपण रोज वाचतो.

अशी उमेदवारी करावयाची तर वाटा आहेत का, असे विद्यार्थी विचारतील. आहेत. बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी या तिन्ही संस्थांच्या संयुक्त योजनेतून विद्यार्थ्यांना उन्हाळ्यात दोन महिने शास्त्रज्ञांच्या हाताखाली काम करण्याची संधी मिळत आली आहे. अखेरीस केलेल्या कामाचा अहवाल लिहावा लागतो. तो अहवाल उरकण्याची बाब समजू नका. तीच लेखनाची पहिली तालीम. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०१८ साली ‘अवसर’ नावाची योजना काढली. संशोधक विद्यार्थ्यांनी आपल्याच संशोधनावर सामान्य वाचकासाठी लेख लिहावा आणि उत्तम लेखास १ लक्ष रुपयांचे पारितोषिक मिळावे, अशी ती योजना. अमेरिकेत तेथील विज्ञानप्रगती संघटनेने १९७५ पासून विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्याचे दहा आठवडे वृत्तपत्रांच्या व अन्य माध्यमांच्या कचेऱ्यांत पाठविण्याचा पायंडा पाडला. आपल्याकडे वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९५२ साली ‘विज्ञान प्रगति’ हे हिंदी आणि १९६४ साली ‘सायन्स रिपोर्टर’ हे इंग्रजी मासिक काढले. मराठीत ‘सृष्टिज्ञान’ १९२८ साली निघाले. लिहिणाऱ्याला अंगण नाही, असे म्हणता येणार नाही.

पालकांच्या मनातील चिंता आम्ही हलकी लेखीत नाही. केवळ विज्ञानलेखनावर संसार चालेल अशा जागा आपल्या देशात थोड्या आहेत, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. परंतु आम्ही मुलांना नोकरी सोडून लेखन करा असे सांगत नाही. उलट असे सांगतो, की ज्याला स्वतःचे काम चार परिच्छेदांत समजावून देता येते, त्याचे काम कोठल्याही प्रयोगशाळेत अडत नाही. निधीची मागणी असो, प्रकल्पाचा अहवाल असो, वरिष्ठांपुढील टिपणी असो, शेवटी कागद बोलतो. आमच्या टेबलावर तज्ज्ञांची टिपणे येत असत. त्यांतील ज्यांची पहिली पाच वाक्ये स्वच्छ असत, त्यांच्या प्रस्तावांवर त्याच दिवशी विचार होई. बाकीची टिपणे खुलाशासाठी परत जात आणि महिना निघून जाई. तेव्हा लेखन म्हणजे विज्ञानाच्या वाटेवरील आडवळण नव्हे. त्याच वाटेवरचा तो पूल आहे.

भाषेविषयी दोन शब्द बोलणे अगत्याचे आहे. आपली मुले शाळेत हिंदी-इंग्रजी शिकली. मराठी त्यांना बोलता येते, लिहिताना मात्र हात अडखळतो. तरी देवनागरी त्यांच्या हाताखालून गेलेली आहे, हा परप्रांतातील कित्येक मराठी मुलांना न मिळणारा लाभ येथे त्यांना मिळाला आहे. त्यांनी मराठीत लिहावे, कारण ‘जमाखर्च’ हा शब्द त्यांना आजीच्या तोंडून मिळालेला आहे, आणि अवघड गोष्ट सोपी करताना माणसाला घरचेच शब्द उपयोगी पडतात. पण त्याचबरोबर त्यांनी हिंदीतही लिहावे असे आम्ही आग्रहाने म्हणतो. मंडळाची पन्नास वर्षे या खोऱ्यात गेली. येथले पाणी आपण प्यालो, येथल्या डोंगरांनी आपल्या मुलांना वाढविले. त्या डोंगरात राहणाऱ्या शेजाऱ्याला त्याच्या पायाखालच्या जमिनीविषयी चार खरी वाक्ये त्याला कळतील अशी लिहून देणे, ही परतफेडीची एक सभ्य रीत आहे.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवतो. सुवर्णमहोत्सवी निधीतून आपण सभागृहाचे छत दुरुस्त करणार आहोत, ते योग्यच आहे. त्याच निधीच्या व्याजातून दर उन्हाळ्यात एका विद्यार्थ्याला किंवा विद्यार्थिनीला दोन महिन्यांचे विद्यावेतन द्यावे. आपल्यांतील जी मंडळी वैज्ञानिक संस्थांत आहेत, त्यांनी रीतसर परवानगी काढून त्या विद्यार्थ्याला एखाद्या शास्त्रज्ञाजवळ बसवून द्यावे. अटी तीनच असाव्यात. जे प्रत्यक्ष पाहिले त्यावरच लिहावे. लिहिलेले संबंधित शास्त्रज्ञाकडून तपासून घ्यावे. आणि अखेरीस दहा पानांचा मराठी लेख तयार करून तो गणेशोत्सवात या व्यासपीठावरून वाचून दाखवावा, त्याचे हिंदी रूप येथील एखाद्या नियतकालिकाकडे पाठवावे. वाचनाच्या वेळी पहिल्या रांगेत शास्त्रज्ञ आणि आजीबाई शेजारीशेजारी बसलेल्या असाव्यात, एवढे मात्र आम्ही सुचवू. दोघांनीही प्रश्न विचारावेत. दहा वर्षांत असे दहा लेख जमतील आणि हीरक महोत्सवाच्या स्मरणिकेला मजकुराची वाण पडणार नाही. त्यापेक्षा महत्त्वाचे हे, की दहा तरुण माणसे अशी तयार होतील, ज्यांना पाहताही येते आणि सांगताही येते.

विद्यार्थिमित्रांनो, आज आपल्या हाती जी प्रशस्तिपत्रे आली ती मिळालेल्या गुणांची आहेत. गुण परीक्षेनंतर संपतात. उमेद संपत नाही. ज्यांनी आपली वही मिटून ठेवली असेल त्यांनी ती घरी जाऊन उघडावी आणि आपल्या अभ्यासातील एक गोष्ट, एकच, आपल्या आईला कळेल अशी एका पानात लिहावी. आणि पालकांनी ते पान वाचताना हातातले काम क्षणभर बाजूला ठेवावे. या उमेदवारीचा पहिला दिवस तोच.